टॅबर बेटावरचा माणूस

ज्यूल व्हर्नची 'गूढ बेट' ही कादंबरी बहुतेक वाचक शाळकरी वयात वाचतात आणि तिच्यातली हिकमत तेवढी ध्यानात ठेवतात. घड्याळाच्या दोन काचांत पाणी भरून केलेले भिंग कुणी विसरत नाही. पण 1874-75 साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी आधीच्या दोन कादंबऱ्यांची उत्तरकथा आहे, आणि तशी ती वाचली म्हणजेच तिचे खरे मोल कळते. ते मोल आयर्टन या माणसात आहे.

'कॅप्टन ग्रांटची मुले' या कादंबरीत हा आयर्टन दरोडेखोरांचा म्होरक्या असतो. शिक्षा म्हणून त्याला टॅबर नावाच्या निर्जन बेटावर एकटा सोडून देतात, आणि ती कथा तिथे संपते. एखादा सामान्य लेखक खलपुरुषाला असा मार्गी लावून स्वस्थ झोपला असता. व्हर्नला मात्र झोप आली नसावी. बारा वर्षांच्या एकांतानंतर तो आपल्याला पुन्हा त्या बेटावर नेतो. तिथे भेटतो तो जटा वाढलेला, वाचा गेलेला, पोरावर झडप घालणारा एक प्राणी.

यापुढची प्रकरणे मी पुन्हापुन्हा वाचली आहेत. सगळ्या यंत्रांची दुरुस्ती जाणणाऱ्या इंजिनिअर सायरस स्मिथजवळ या रोगावर औषध नाही. परतीच्या प्रवासात वादळ उठते, आणि त्या मुक्या माणसाचे हात आपोआप नावेच्या कामाला लागतात. मन हरवले तरी हातांना खलाशीपण आठवते! पुढे स्मिथ त्याला अरण्याच्या कडेला नेतो. पळायची वाट मोकळी असते. तो पळत नाही; त्याच्या डोळ्यांतून पाणी येते. माणूस परतला आहे हे स्मिथ त्या अश्रूंवरून ओळखतो. परंतु व्हर्न एवढ्यावर त्याला बरा करून टाकीत नाही. आयर्टन इतरांबरोबर जेवायला बसत नाही, दूर गुरांच्या कोंडवाड्यात राहण्याची परवानगी मागतो. सुटका झाली तरी तुरुंग अंगातून निघायला वेळ लागतो, हे इतक्या साधेपणाने सांगितलेले मी फार थोड्या ठिकाणी वाचले आहे.

कोल्हापूरच्या वाचकाला इथे चौथ्या शिवाजी महाराजांची आठवण न होणे कठीण. त्यांना वेडे ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले होते. त्यांच्या छळाबद्दल दिवाण बर्व्यांवर आरोप छापले म्हणून टिळक-आगरकरांनी 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढले. 25 डिसेंबर 1883 रोजी, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, महाराजांचा अंत झाला. वय अवघे विशीचे. त्यांच्याभोवती पहारेकरी होते, सायरस स्मिथ नव्हता.

कादंबरीत दोष आहेत. बलूनमधून निसटणारी मंडळी रिचमंडच्या कैदेतून आलेली. पण दुसऱ्या दिवसापासून ती अशी कामाला लागतात, की जणू सहलीलाच आली आहेत! सनावळ्यांचा घोळ तर असा, की प्रकाशकाला त्याबद्दल टीप द्यावी लागली. (आमच्या वर्गात असा निबंध आला असता तर तांबडी शाई कमी पडली असती.)

खरी तक्रार निराळी आहे. कॅप्टन निमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, सत्तावनच्या युद्धात घरदार गमावलेला, असे या कादंबरीत उघड होते. त्याने स्वतःलाच समुद्रात कोंडून घेतले आहे. दरोडेखोर आयर्टनला लेखक अश्रू देतो, काम देतो, सोबती देतो. निमोच्या वाट्याला येतो तो मृत्युशय्येवरचा निवाडा! गेलेला काळ परत आणता येतो असे मानलेस, ही तुझी चूक, अशा अर्थाचे स्मिथ त्याला सुनावतो. हे मला पटत नाही. सत्तावनच्या उठावानंतर कोल्हापूरहून कराचीला नेऊन ठेवलेले चिमासाहेब महाराज 1869 साली तिथेच वारले. त्याच वर्षी निमो पॅरिसच्या मासिकात अवतरला. कराचीतल्या त्या माणसाला प्रगतीचे प्रवचन ऐकवण्याचे धैर्य स्मिथला झाले असते काय?

तरीही मुलांच्या हाती हे पुस्तक जरूर द्यावे, मात्र 'कॅप्टन ग्रांटची मुले' आधी द्यावे. म्हणजे शेवटी बेट फुटून समुद्रात बुडते तेव्हा निमोने दिलेली जडजवाहिराची पेटी कोण वाचवतो आणि ती स्मिथच्या हाती कोण देतो, याची गंमत त्यांना कळेल. तो आयर्टन असतो.