जोड न लपवणारा कार्बन

जुन्या सायकलींच्या दर्दी मंडळींत कार्बनला मान नाही. जुनी म्हणजे पोलादी, हे तिथं ठरूनच गेलंय. इटलीत तस्कनीच्या टेकड्यांत १९९७ पासून भरणाऱ्या 'लेरोइका' या सायकल मेळाव्याला १९८७ पूर्वीची सायकल लागते. गिअरच्या खुंट्या खालच्या नळीवर, ब्रेकच्या केबल हँडलवरून मोकळ्या निघालेल्या, पायडलला पट्टे. नव्वदच्या दशकातल्या कार्बनच्या सायकलीला त्या रांगेत जागा नाही. शर्यतीच्या मैदानात ती जुनाट आणि जुन्यांच्या मेळाव्यात कालची पोर. अशा अधांतरी लटकलेल्या एका सायकलीबद्दल, 'कोल्नागो सी-४०'बद्दल, मला लिहायचं आहे. तिचा जीर्णोद्धार करायचा तर तिच्याच काळातले भाग घालून करावा, असं माझं ठाम मत आहे, आणि त्याचं कारण तिच्या घडणीतच आहे.

एर्नेस्तो कोल्नागो यांनी मिलानजवळच्या कांबियागो गावात १९५४ मध्ये सुरू केलेल्या कारखान्याला चाळीस वर्षं झाली, तेव्हा १९९४ मध्ये ही सायकल आली. नावातला ४० हा तोच. त्याआधीची त्यांची कीर्ती पोलादावर उभी होती. १९७२ मध्ये मेक्सिको सिटीत एडी मर्क्सने तासाभरात ४९.४३१ किलोमीटर कापले, ती ५.७५ किलोची सायकल कोल्नागोंनी बांधलेली. कार्बनकडे ते ऐंशीच्या दशकात वळले, फेरारीच्या अभियंत्यांबरोबर काम करता करता. पहिल्या प्रयत्नांपैकी 'कार्बिट्यूबो'त कार्बनच्या नळ्या ॲल्युमिनियमच्या जोडांत चिकटवलेल्या होत्या आणि खालच्या नळ्या एकीऐवजी दोन होत्या.

त्या काळच्या बऱ्याच कार्बन सायकलींचं दुखणं याच जोडांत होतं. कार्बन वीज वाहतो. ॲल्युमिनियम त्याला खेटून बसलं आणि मध्ये घाम किंवा पावसाचं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम गंजू लागतं. त्या गंजाची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते, फुगते आणि गोंदाची पकड सोडवते. सी-४०मध्ये कोल्नागोंनी नळ्यांबरोबर जोडही कार्बनचेच केले. म्हणजे पोलादी सांगाड्यात नळ्यांना एकत्र धरणारा जो 'लग' असतो, तोच इथं कार्बनच्या थरांतून घडवला आणि त्यात गोल, सरळ नळ्या बसवून चिकटवल्या. साच्यातून अखंड सांगाडा काढायचा तर प्रत्येक मापाला वेगळा, महागडा साचा लागतो. इथं नळी थोडी आखूड किंवा लांब कापली की माप बदलतं. त्यामुळं या सायकली एकमेकींच्या जवळजवळच्या कितीतरी मापांत मिळत. चढणाऱ्याच्या अंगाबरोबर सायकल बांधायची शिंप्याची पद्धत कार्बनच्या युगातही टिकली, ती या जोडांमुळं.

हे जोड कुठंही दडवलेले नाहीत. समोरच्या नळीपाशी, सीटखाली, पायडलच्या बैठकीपाशी लगाची कड बोटाला लागते. नळी कुठं संपली आणि जोड कुठं सुरू झाला, हे रंगाखालूनही कळतं. आजच्या सांगाड्यांत सगळं एकात एक वितळलेलं असतं, केबलसुद्धा पोटात. सी-४० आपली बांधणी उघड सांगते. मला तिचं खरं सौंदर्य इथं दिसतं. रंग, विजय, किंमत हे सगळं नंतरचं.

आता तिचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, पाहा. पोलादी सायकलीचा चिमटा खाली पुढं झुकत वळलेला असतो. कोल्नागोंनी तो वाक काढून टाकला. 'प्रेचिझा' नावाच्या त्यांच्या चिमट्याच्या दोन्ही दांड्या वरपासून खालपर्यंत सरळ आहेत. पुढं झेपावण्यासाठी लागणारा कोन वरच्या जोडातच दिलेला आहे. सुरुवातीच्या सी-४०ना हा चिमटा पोलादी, क्रोम केलेला मिळे; कार्बनचा मागाहून आला. म्हणून १९९४चा सांगाडा हाती आला तर त्याला चकचकीत पोलादी चिमटाच शोभतो. काळ्या, रंगीत अंगाखाली ती एक धातूची रेघ उमटली की सायकल कोणत्या वळणावर उभी होती ते दिसतं. पुढच्या काळातला कार्बनचा चिमटा घातला तर वजन घटेल, पण ही रेघ पुसली जाईल.

या सायकलीला नाव मिळालं ते उत्तर फ्रान्सच्या दगडी रस्त्यांवर. पॅरिस-रूबे ही साधारण २६० किलोमीटरची शर्यत. त्यातले पन्नासच्या वर किलोमीटर ओबडधोबड दगडांचे. १९९२ ते १९९४ ही तीन वर्षं ती जिंकणाऱ्यांच्या सायकलींना धक्के शोषणारे चिमटे होते. १९९४ मध्ये तर योहान म्युझेऊ मागं-पुढं दोन्हीकडं सस्पेन्शन असलेल्या सायकलीवर उतरला होता. अशा हवेत १९९५ साली मापेई संघाचा फ्रांको बालेरीनी साध्या, ताठ चिमट्याची सी-४० घेऊन आला. आदल्या दिवशी मापेईचे मालक ज्योर्ज्यो स्क्विन्झी यांचा काळजीनं फोन आला होता आणि आपण त्यांना धीर दिला, ही आठवण कोल्नागोंनी पुढं सांगितली आहे. बालेरीनी एकटाच रूबेच्या ट्रॅकवर पोचला. दोनच वर्षांपूर्वी, १९९३ मध्ये, तो याच ट्रॅकवर गिल्बेर द्युक्लो-लासालकडून अगदी निसटत्या फरकानं हरला होता. १९९६ मध्ये म्युझेऊ, बोर्तोलामी आणि ताफी हे तिघं मापेईवाले पहिले तीन आले. १९९८ आणि १९९९ मध्येही पहिले तिन्ही क्रमांक मापेईनंच नेले. मापेई ही फरशा चिकटवण्याची रसायनं करणारी कंपनी. तिच्या जर्सीवरचे रंगीबेरंगी ठोकळे सायकलींवरही उतरले. गोंदानं जोडलेल्या सायकलीला गोंदाच्या कंपनीचा आश्रय मिळावा, हा योग मला फार आवडतो.

सुट्या भागांकडं येऊ. १९९४-९५च्या सांगाड्याला मी कांपान्योलो कंपनीचा आठ गिअरचा 'रेकॉर्ड' संच योग्य मानतो. ब्रेकच्या दांडीतच गिअर बदलायची त्यांची 'एर्गोपॉवर' रचना १९९२ची. तिच्या दांड्या ॲल्युमिनियमच्या आहेत, क्रँकही पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमचा. कार्बनच्या दांड्या पुढच्या काळातल्या. त्या इथं घालणं म्हणजे जुन्या वाड्याच्या चौकटीत सरकती खिडकी बसवणं. आणि या एर्गोपॉवर दांड्या पूर्ण खोलता येतात. आतली लहान स्प्रिंग झिजून तुटते, गिअर 'टक्' करून बसेनासा होतो. तेव्हा दांडी खोलायची, ग्रीस पुसायचं, नवी स्प्रिंग घालायची आणि परत बांधायची. सांगाडा जसा जोड दाखवतो, तसा हा यंत्रभाग आपलं आतलं दाखवतो. एकाच वृत्तीच्या या दोन वस्तू आहेत.

या कामात अडवणूक करतात ती मापं. कांपान्योलोची आठ गिअरची कॅसेट नऊ गिअरच्या हबवर बसत नाही, खाचा वेगळ्या आहेत. तिच्या दोन चकत्यांमधलं अंतर ५ मिलिमीटर, शिमानोच्या आठ गिअरचं ४.८, म्हणून दोघांची सरमिसळ केली की मधले गिअर कुरकुरतात. पायडलच्या बैठकीचे आटे इटालियन, दोन्ही बाजूंनी उजवेच. त्यामुळं उजवीकडचा कप चालवता चालवता सैल पडण्याची खोड जुनीच आहे आणि तो पुरेसा घट्ट आवळावा लागतो. हँडलच्या मधल्या जाडीचा घोळ आणखी बारीक. चिनेल्लीचं जुनं हँडल २६.४ मिलिमीटर, दुसऱ्या इटालियन कंपन्यांचं २५.८ किंवा २६. अर्धा मिलिमीटर चुकला की चढावर उभं राहून जोर लावताना हँडल करकरतं. म्हणून स्टेम आणि हँडल एकाच घराण्यातले घ्यावेत.

सीटची दांडी मात्र सगळ्यात जोखमीची. बहुतेक सायकलींत ती २७.२ मिलिमीटरची असते, सी-४०ला २८ची लागते. मिळत नाही म्हणून बारीक दांडीभोवती पत्रा गुंडाळून भागवू नये, कारण त्यानं ताण एका जागी साचतो. मूळ दांडी आत अडकलेली असेल तर तिथं वर सांगितलेलाच ॲल्युमिनियमचा गंज काम करत असतो. इथं गॅसची ज्योत किंवा हीट गन आणू नये, कारण उष्णतेनं कार्बनचे थर धरून ठेवणारं इपॉक्सी मऊ पडतं. गंज सोडवणारं तेल, सावकाश पीळ आणि बऱ्याच दिवसांचा धीर, एवढाच उपाय. नवी दांडी घालताना कार्बनसाठीची पेस्ट लावावी आणि बोल्ट मोजून आवळावा.

रंगाच्या बाबतीत मी कडवा आहे. वरचा लॅकर शाबूत असेल तर ओरखड्यांसकट जुना रंग राहू द्यावा. इटालियन रंगाऱ्यांनी स्प्रेनं केलेल्या छटा आणि कोल्नागोचं किलवरचं पान आज कुणी हुबेहूब काढून देईल, पण तो त्या कारखान्यातला हात नसेल. दुसरं कारण सुरक्षिततेचं आहे. रंग काढायची रसायनं इपॉक्सीलाही सोडत नाहीत, आणि नव्या रंगाखाली जुनी चीर दडून जाते. धातू वाकून आधी इशारा देतो. कार्बन पडण्या-आपटण्यानं आतून थर सोडतो आणि वरून शहाण्यासारखा दिसतो. नाण्यानं नळीवर हलकेच टकटक करत जावं. खणखणीत आवाज मध्येच बद्द झाला तर तिथं शंका घ्यावी आणि अल्ट्रासाउंडनं तपासणाऱ्या जाणत्याकडं सांगाडा न्यावा.

अशी बांधलेली सी-४० आजच्या सायकलीपेक्षा वेगवान नाही. जाड टायर तिच्यात बसत नाहीत, ब्रेक पावसात उशिरा लागतात. तरीही मी तिला कार्बनच्या इतिहासातली सर्वांत प्रामाणिक सायकल मानतो. असा सांगाडा तुमच्या हाती आला तर त्याला आधी रंगाऱ्याकडं नेऊ नका. सीटची दांडी सुटते का ते पाहा, नाणं घेऊन प्रत्येक जोड ऐका, आणि मगच भागांच्या शोधाला लागा.