राजाची दुसरी उत्तरक्रिया

विस्मृतीत गेलेल्या राजाच्या अस्थी किंवा समाधी सापडली, तर तिची उत्तरक्रिया कशी करावी, हा प्रश्न धर्मशास्त्राचा मानला जातो. आमच्या मते तो वाङ्मयसमीक्षेचाही आहे.

इंग्लंडचा तिसरा रिचर्ड १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत पडला. त्याचा सांगाडा २०१२ साली लेस्टर येथील एका वाहनतळाखाली सापडला. त्याला यॉर्कला न्यावे की लेस्टरलाच ठेवावे, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. अखेर २६ मार्च २०१५ रोजी लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये त्याला पुन्हा माती देण्यात आली. शेक्सपिअरने हा राजा कुबडा आणि वाळक्या हाताचा रंगविला होता. सांगाड्याचा कणा खरोखरच वाकडा निघाला. हात वाळल्याची खूण मात्र आढळली नाही. पुतण्यांच्या खुनाविषयी हाडे काहीच सांगू शकली नाहीत. नाटक मात्र कोणी बंद पाडले नाही. २०१६ साली लंडनच्या अल्मेडा नाट्यगृहात त्याचा प्रयोग झाला, तो त्या उत्खननाच्याच दृश्याने सुरू झाला.

आपल्याकडील जवळचा दाखला छत्रपती संभाजी महाराजांचा. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने त्यांची क्रूर हत्या करविली. पुढे बखरींनी आणि त्यांवर पोसलेल्या नाटकांनी त्यांच्या चारित्र्याचीही हत्या केली. वा. सी. बेंद्रे यांनी वढू बुद्रुक येथील समाधी उजेडात आणली आणि दीर्घ अभ्यासानंतर १९६० साली महाराजांचे साधार चरित्र प्रसिद्ध केले. या दोन कामांना आम्ही एकच उत्तरक्रिया मानतो.

राम गणेश गडकरी यांच्या 'राजसंन्यास'वरील आक्षेप आम्हांस अमान्य नाही. परंतु गडकरी १९१९ साली हे नाटक अपुरे ठेवून गेले. बेंद्र्यांचे चरित्र त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी आले. आपल्याच गुजरातेत, नवसारीस जन्मलेल्या या नाटककाराचा पुतळा जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातून उखडून मुठेत टाकण्यात आला. त्याने महाराजांवरील एकही आळ धुतला गेला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस, महाराजांचे अंत्यसंस्कार कोणी केले, यावरून वढूत तेढ उभी राहिली. आळ असो वा मान, त्याचा निवाडा पुराव्यानेच व्हावयास हवा.

कोयलीकरांना बडोद्याचे कीर्तिमंदिर परके नाही. सयाजीराव महाराजांनी गायकवाड घराण्याच्या स्मरणार्थ ते १९३६ साली उभारले. आतील भिंतींवर नंदलाल बोस यांनी गंगावतरणाबरोबर मीराबाई आणि रवींद्रनाथांची 'नटीर पूजा' रंगविली. राजांच्या स्मृतिस्थळी कवींनाही जागा मिळाली, हे आम्हांस मोलाचे वाटते.

आपल्या जुन्या घरांतील कपाटांत 'राजसंन्यास' असेल, तर ते काढून टाकू नये. त्याच्या शेजारी बेंद्र्यांचे चरित्र ठेवावे. २०२५ च्या 'छावा' चित्रपटातून महाराजांना ओळखू लागलेली आपली नातवंडे गुजराती वा इंग्रजी शाळांत शिकतात. त्यांना ही दोन्ही पुस्तके मोठ्याने वाचून दाखवावीत, आणि कोठे नाटककार बोलतो व कोठे कागद बोलतो, तेही सांगावे. महाराजांच्या उत्तरक्रियेतील आपल्या वाट्याचे काम ते एवढेच.