सांगाडा आणि इंजिन

मोटरसायकल ही परीक्षणाची वस्तू होऊ शकते काय, असे काही रसिक वाचक विचारतील. पुस्तकाला कर्ता असतो, नाटकाला असतो; कारखान्यातून रोज शेकड्यांनी बाहेर पडणाऱ्या यंत्राला कर्ता कोणता? प्रश्न रास्त आहे. पण तेच यंत्र एका माणसाने आपल्या हातांनी मोडून पुन्हा जुळवले, त्यातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे आपल्या डोक्याने ठरवले, म्हणजे तिथे निवड आली. आणि निवड आली की टीकाकाराला पाऊल टाकायला जागा झाली. देवनारला बसच्या आगारामागे एका गल्लीत अशी एक गाडी गेली दोन वर्षे तयार होत आहे. कर्ता माझा जुना विद्यार्थी. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, आणि यंत्रांशी संबंध शाळेच्या घंटेपुरता. पण जुन्या घाटात नवा ऐवज बसवण्याच्या खटपटीत माझ्या तीन कादंबऱ्या गेल्या आहेत. तेवढ्या अधिकारावर लिहितो.

गाडीच्या या प्रकाराला 'कॅफे रेसर' म्हणतात. हँडल खाली वळलेले, पाय ठेवायच्या दांड्या मागे सरकवलेल्या, टाकी लांबट, आणि बैठक एकाच माणसापुरती, मागे उंटासारखा उंचवटा असलेली. मूळ गाव लंडन, काळ 1950 नंतरचा. नॉर्थ सर्क्युलर रोडवर 1938 साली उघडलेले एस कॅफे नावाचे उपाहारगृह होते. तिथे रात्री तरुण पोरे जमत आणि एका कॅफेपासून दुसऱ्यापर्यंत गाड्या पिटाळीत. (आपल्याकडेही इराण्याची हॉटेले होती, पण तिथला बनमस्का सोडून कोणी शर्यतीला धावल्याचे ऐकिवात नाही.) या पोरांच्या गाड्यांत सर्वांत नावाजली ती 'ट्रायटन'. नॉर्टनचा 'फेदरबेड' सांगाडा आणि त्यात ट्रायम्फचे जोडसिलिंडरी इंजिन. या लग्नाचे कारण मोठे मजेशीर आहे. त्या काळी 500 सी.सी.च्या छोट्या शर्यती मोटारींना नॉर्टनचे इंजिन हवे असे, आणि ते सुटे मिळत नसे. मग हौशी लोक अख्खी मोटरसायकल विकत घेत, इंजिन काढून घेत आणि सांगाडा विकून टाकीत. असा उत्तम सांगाडा पोरांना स्वस्तात मिळे आणि दुसरीकडचे उत्तम इंजिन ती त्यात बसवीत. म्हणजे ट्रायटनचे रूप गरजेतून आलेले. शोभा मागाहून दिसली.

आमच्या कर्त्याची सामग्री वेगळी आहे. सांगाडा जुन्या बुलेटचा. ही गाडी 1955 पासून मद्रासेत तयार होऊ लागली आणि पुढे कित्येक वर्षे जवळपास तशीच राहिली. इंजिन मात्र केटीएमच्या 390 ड्यूकचे. ही गाडी 2013 पासून आपल्या चाकणला बनू लागली. अपघातात चेपलेल्या एका गाडीचे ते इंजिन त्याने कुर्ल्याच्या भंगारातून आणले. दोन्ही इंजिने एकाच सिलिंडरची, आकारमानही जवळजवळ सारखेच : 346 आणि 373 सी.सी. पण स्वभाव पाहा. बुलेटच्या सिलिंडरची रुंदी 70 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 90. केटीएमची रुंदी 89 आणि धाव 60. एक उंच आणि संथ, दुसरे बसके आणि चपळ. पहिल्याची ताकद अठरा अश्वशक्तीची, दुसऱ्याची त्रेचाळीसच्या घरातली.

आता खरी अडचण सांगतो. बुलेटच्या सांगाड्याची पुढची नळी इंजिनाच्या समोर येऊन संपते. इंजिनाखाली नळी नाहीच. पुढची बाजू आणि मागची बाजू यांना जोडणारे हाड म्हणजे इंजिनाचे धड! ते बाहेर काढले की सांगाडा मध्येच तुटका राहतो. मला हे कळले तेव्हा मी त्या गल्लीत बराच वेळ उभा राहिलो. आशय आणि आकृती यांविषयी आपल्याकडे किती शाई खर्ची पडली! आशय म्हणजे भांड्यातले पाणी, हवे तेव्हा ओतावे, अशीच पुष्कळांची समजूत असते. इथे तर आशयच आकृतीचा कणा आहे. नवा आशय आणायचा तर आकृतीला नवे हाड द्यावे लागते. या पोराने इंजिनाखालून दोन नळ्यांची नवी झोळी घेतली, इंजिन तात्पुरते टांगून पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटचे दाते एका रेषेत येईपर्यंत चार वेळा वेल्डिंग तोडले आणि पुन्हा जोडले. ही झोळी झाकलेली नाही, वेल्डिंगचे वळ घासून नाहीसे केलेले नाहीत. माझ्या मते या कृतीतला सर्वांत चांगला भाग हाच.

पायांचेही तसेच. जुन्या बुलेटचा गीअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. केटीएमचा गीअर डाव्या पायाला. तेव्हा ब्रेक उजवीकडे न्यावा लागला, आणि ज्याने वीस वर्षे बुलेट चालवली त्या माणसाच्या पायांना ही गाडी परकी झाली. शक्ती दुपटीहून अधिक वाढल्यावर पुढचा ड्रम ब्रेक पुरेना. डिस्क आली, तिच्यासाठी पुढचा काटा बदलला. इंजिन पाण्याने थंड होणारे, म्हणून रेडिएटर आला. तो त्याने नळीपुढे उघडा ठेवला आहे. "सर, लपवता आला असता, पण मग वारा कुठून लागणार?" असे तो म्हणाला. कितीतरी कादंबरीकारांना हा प्रश्न पडत नाही.

कंबरेच्या वर मात्र कर्त्याचा धीर सुटला आहे. नव्या इंजिनाला पेट्रोल पंपाने, दाबाखाली द्यावे लागते. जुन्या टाकीतून ते नुसते उताराने येई. त्याने टाकीचे बूड कापून पंप आत बसवला, इथवर ठीक. पण बाहेर जुना पितळी कॉक तसाच ठेवला आहे, आणि तो फिरवून काहीच होत नाही! याहून वाईट म्हणजे सायलेन्सर. बुलेटचे 'फायरिंग' ऐकू यावे म्हणून त्याने नऊ हजार फेऱ्यांच्या आसपास रंगात येणाऱ्या या इंजिनाला घोगऱ्या आवाजाचे पिंप लावले आहे. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे प्रकार सांगितले. हा त्यांतला विरोध नव्हे, हे सोंग आहे. त्याच मर्ढेकरांनी ओवी-अभंगांत यंत्रयुग आणले, तेव्हा त्या यंत्रांना टाळ-मृदंगाचा आवाज काढायला लावले नव्हते. कॉक आणि सायलेन्सर, दोन्ही काढावेत, असे मी त्याला स्पष्ट सांगितले. त्याला ते आवडले नाही.

कारखानदारांनीही हा घाट हाताळला आहे. रॉयल एन्फिल्डची 2013 ची कॉन्टिनेंटल जीटी ही आमच्या गाडीची उलटी बाजू : सांगाडा नवा, हॅरिस परफॉर्मन्सने घडवलेला, आणि इंजिन जुन्या वळणाचे, वाढवून 535 सी.सी. केलेले. ती दिसायला देखणी, पण थरथरे. पुढे 648 सी.सी.चे जोडसिलिंडरी इंजिन आणि त्याच्याच मापाचा सांगाडा घेऊन 2018 साली दुसरी जीटी आली. ती सर्वांगांनी जुळलेली आहे. तरी मला गल्लीतली गाडी अधिक वाचनीय वाटते. जीटीत सांधे दिसत नाहीत.

आता कायद्याकडे येतो. ते टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या 52 व्या कलमाप्रमाणे नोंदणीपुस्तकातला तपशील आणि उत्पादकाने मुळात ठरवलेला तपशील यांत तफावत येईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. कायदा दुष्ट आहे असे मी म्हणणार नाही. अठरा घोड्यांच्या गाडीला त्रेचाळीस घोडे कोणीही आणि कसेही जोडू लागला तर शाळा सुटण्याच्या वेळी मला फाटकात उभे राहवणार नाही. पण परिणाम असा, की दोन वर्षांची बचत आणि रविवार जिच्यात गेले ती गाडी रस्त्यावर आणता येत नाही. टाकीचा रंग उडवून बुलेट बुलेटच ठेवणाऱ्याला नोंदणीपुस्तकात रंग बदलून घेतला की झाले. मुळाशी हात घालणारा मात्र गुन्हेगार. (शिवाय ती धावणार कुठे? घराजवळून जाणारा ईस्टर्न फ्रीवे 2013 साली खुला झाला, आणि त्यावर दुचाकीला मज्जाव आहे.) कर्त्याला हे सारे ठाऊक आहे. तो म्हणतो, प्रदर्शनात टेम्पोवर घालून नेईन.

माझा शेवटचा आक्षेप बैठकीवर आहे, आणि तो सर्वांत मोठा. लंडनच्या पोराला मागे कोणी बसवायचे नव्हते, म्हणून उंचवटा. आपल्याकडे मोटरसायकल म्हणजे कुटुंबाचे वाहन : टाकीवर धाकटा, मागे एका अंगाला पाय सोडून बसलेली बायको, तिच्या मांडीवर आणखी एक. मागे बसणाराचे कपडे चाकात गुंतू नयेत म्हणून अर्धे चाक झाकणारी जाळी हवी, हे तर आपल्या नियमांतच लिहिलेले आहे. साडीसाठी नियम करणारा देश हा! अशा ठिकाणी एकट्याची बैठक परदेशातून जशीच्या तशी उचलणे म्हणजे अनुवादित कादंबरीत बर्फ पडू देणे. या पोराची आई गोवंडी स्टेशनला रोज शेअर रिक्षाने जाते. "मी कुठं बसू रे?" असे तिने त्या उंचवट्यावर हात ठेवून विचारले, तेव्हा मी तिथे होतो. त्याने उत्तर दिले नाही. पाना घेऊन खाली वाकला.

गेल्या रविवारी पाहिले तेव्हा पितळी कॉक जिथल्या तिथे होता आणि सायलेन्सरही. उंचवटा मात्र काढून भिंतीला टेकवला होता, आणि मागच्या चाकाशेजारच्या नळीला जाळीच्या मापाची दोन भोके पाडलेली होती.