देखावा सुंदर, पण दिशा कोण शोधणार?

मायक्रोसॉफ्टने २०२० साली आणलेल्या ‘फ्लाइट सिम्युलेटर’मध्ये सेसना १७२ हे छोटे विमान घेऊन शिकागोहून मिशिगन सरोवराच्या काठाने मिलवॉकीकडे निघावे. उपग्रह व हवाई छायाचित्रांवरून रचलेला देखावा खरोखरच सुंदर आहे. मात्र शहरांच्या नावांच्या पाट्या आकाशात तरंगतात आणि नकाशावर आपले विमान आपोआप दिसते. जमिनीवरील खुणा पाहून मार्ग काढताना ‘मी कुठे आहे?’ हाच मूळ प्रश्न असतो. येथे त्याचे उत्तर आधीच हाती पडते.

या सोयी बंद करता येतात. शिक्षकांनी त्या बंदच कराव्यात. मग पश्चिमेकडून २० नॉटचा वारा सोडावा. समजा, विमानाचा हवेतील वेग १०० नॉट आहे आणि नाक नेमके उत्तरेला. अर्ध्या तासात वारा त्याला १० सागरी मैल, म्हणजे सुमारे १८.५ कि.मी. पूर्वेला, सरोवरावर ढकलेल. उत्तरेलाच जायचे, तर नाक सुमारे ११.५ अंश पश्चिमेकडे वळवावे लागेल. ही अकरावीतली सदिशांची बेरीज होय. विद्यार्थ्याने हा कोन आधी कागदावर काढला आणि मग उड्डाणात पडताळला, तरच या खेळाला वर्गात स्थान आहे.