मच्छीमार ते सत्ताधारी : पेपरेल चरित्राची एक चिकित्सा

अमेरिकेतील वसाहतकालीन राजकारणी सर विल्यम पेपरेल यांचे चरित्र अशर पार्सन्स या वैद्यकव्यवसायी लेखकाने १८५५ मध्ये बॉस्टन येथे प्रसिद्ध केले. पार्सन्स कथेचा प्रारंभ नायकाच्या वडिलांपासून करतात. थोरले विल्यम पेपरेल हे इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातून आलेले मच्छीमार. आयल्स ऑफ शोल्स या खडकाळ बेटांवर कॉड मासळी पकडून व वाळवून त्यांनी उदरनिर्वाह आरंभिला. पुढे ते मेनमधील किटरी येथील मोठे व्यापारी, शांतताधिकारी आणि नागरी सेनेचे अधिकारी झाले. हा प्रवास थोर आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो चरित्रकाराने त्याची कारणमीमांसा कशी केली, याचा.

बेटे सोडताना पेपरेल व त्यांच्या भागीदाराने काठ्या उभ्या केल्या आणि ज्याची काठी जिकडे पडली तिकडे तो गेला, अशी एक आख्यायिका सांगितली जाते. आख्यायिका गोड आहे. पण तिने जे झाकले जाते ते अधिक महत्त्वाचे आहे. किटरीला जॉन ब्रे हे जहाजबांधणी करणारे गृहस्थ होते. त्यांची कन्या मार्जरी हिच्याशी पेपरेल यांचा विवाह झाला आणि सासऱ्याकडून किनाऱ्यालगतची जमीन मिळाली. मच्छीमाराला जहाज, धक्का आणि पत या तिन्ही गोष्टींचा मार्ग एका नात्यातून मोकळा झाला. मग लाकूड व मासळी वेस्ट इंडीजला आणि दक्षिण युरोपला रवाना होऊ लागली. वेस्ट इंडीजच्या ऊसमळ्यांत हलक्या प्रतीची खारी मासळी गुलामांच्या अन्नासाठी खपे. पेपरेल कुटुंबाकडेही गुलाम होते. उद्योगशीलतेच्या गौरवगाथेत हा हिशेब मांडल्याशिवाय ती पुरी होत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पुत्र विल्यम यांचा जन्म १६९६ चा. १७२७ मध्ये ते मॅसॅच्युसेट्सच्या कौन्सिलात गेले आणि १७३० मध्ये, कायद्याचे शिक्षण नसताना, मुख्य न्यायाधीश झाले. १७४५ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली वसाहतीच्या फौजेने, ब्रिटिश आरमाराच्या साहाय्याने, फ्रेंचांचा लुईबर्ग किल्ला घेतला. १७४६ मध्ये त्यांना बॅरोनेट किताब मिळाला. तो मिळविणारे अमेरिकेत जन्मलेले ते पहिलेच. १७४८ च्या तहात मात्र किल्ला फ्रेंचांना परत देण्यात आला! पुढे अमेरिकन क्रांतीत त्यांचा नातू राजनिष्ठ राहिला आणि मॅसॅच्युसेट्समधील मालमत्ता जप्त झाली. ज्या राजसत्तेच्या आश्रयाने घराणे वाढले, तिच्या अस्ताबरोबर तेथील वैभवही गेले.

हे चरित्र जाफराबादसारख्या गावी, खेळणा व पूर्णा यांच्या संगमावर बसून वाचताना एक भेद प्रकर्षाने जाणवतो. आपल्याकडील भोई नदीत जाळे टाकतो, कोळी समुद्रात. कष्ट आणि धाडस त्यांच्यापाशी कमी नाही. परंतु येथे धंदा जातीशी जखडलेला होता. जहाजमालकाच्या घरी विवाहसंबंध जोडून भांडवल मिळविण्याची वाट येथे बंद होती. कोकणात इंग्रजी अमलात मासळी खारविण्याच्या मिठावर करही होता. मुंबईच्या कायदे कौन्सिलात १८६१ च्या कायद्यानंतर हिंदी सभासद घेतले गेले, ते जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारख्या शेठ-सावकारांतून आणि संस्थानिकांतून. मच्छीमार त्या दारापर्यंतही पोहोचला नव्हता. पेपरेल यांच्या काळच्या किटरीत गोऱ्या मच्छीमाराला जी सामाजिक मुभा होती, ती तेथील गुलामाला नव्हती. हे लक्षात घेता केवळ व्यक्तिगत कर्तृत्वाला श्रेय देणारी पार्सन्स यांची दृष्टी अपुरी ठरते. काठी कोणत्या दिशेला पडली यापेक्षा त्या दिशेला जमीन कोणाची होती, हा प्रश्न चरित्रकाराने विचारायला हवा होता.