संकेतांकाचे व्याकरण

कर्करोग-नोंदणीकाराच्या नित्याच्या कामाचा मुख्य आधार म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचे अर्बुदविषयक आंतरराष्ट्रीय वर्गीकरण होय. १९७६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि २००० मध्ये तिसरी आवृत्ती निघालेल्या या ग्रंथाचा भाषाशास्त्राच्या दृष्टीने विचार करणे उद्बोधक ठरते.

ग्रंथाची रचना शब्दसाधनेसारखी आहे. अवयव, पेशीरूप आणि वर्तन यांना स्वतंत्र अंक मिळतात. स्तनाच्या बाबतीत ८५००/२ म्हणजे नलिकेतच सीमित राहिलेला कर्क, तर ८५००/३ म्हणजे नलिकेबाहेर शिरलेला. बदलतो तो केवळ प्रत्यय. परंतु नव्या रुग्णांच्या नेहमीच्या गणनेत दुसराच धरला जातो.

या नेटकेपणातच ग्रंथाची उणीव दडलेली आहे. '/१' हा अंक अर्बुदाच्या स्वरूपाची अनिश्चितता सांगतो, अहवाल लिहिणाऱ्याच्या मनातील शंका सांगत नाही. 'शक्यता नाकारता येत नाही' आणि 'लक्षणे सुसंगत आहेत' या विधानांतील अंतर अंकांत उतरत नाही. ते नोंदणीकाराच्या वाचनावर सोपविले जाते.

मुंबईत १९६३ पासून आणि बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७ पासून नोंदणी चालू आहे. नोंदणीकार स्वतः रुग्णालयांत जाऊन कागदपत्रे पाहतात. निर्णय बहुधा मजकुरावरूनच करावा लागतो. म्हणून त्यांच्या प्रशिक्षणात शरीरशास्त्राइतकेच अर्थविचारासही स्थान हवे. एकच अहवाल दोघांनी स्वतंत्रपणे संकेतबद्ध करून मतभेद तपासणे, हा त्याचा सोपा आरंभ होय. अन्यथा एखादी स्त्री चुकीच्या रकान्यात जाईल, आणि ते कोणास कळणारही नाही.