सावतोबांच्या मळ्यातली मिरची

वाचकहो, संत सावता माळी यांचा भाजीपाल्याचा अभंग आपल्याला तोंडपाठ असतो. त्यावरचे निरूपणही बहुधा ठरलेले असते : काम हाच देव, म्हणून आणखी राबा. या अर्थाशी माझा नम्र वाद आहे.

अभंग सावकाश वाचून पाहा. त्यात कांदा, मुळा, लसूण आहे; मोट, नाडा, विहीर आहे. नुसती नावे! मळा केल्याचा उल्लेख शेवटी, एकदाच. आणि लगेच गळा विठ्ठलाच्या पायी गुंतवलेला. श्रम किती झाले, याचा हिशेबच नाही. सावतोबांनी कामाला देव केले नाही. कामात देव पाहिला. पहिल्यात कामाचे ओझे वाढते, दुसऱ्यात काम तेवढेच राहून ओझे उतरते.

एक गंमतही आहे. सावतोबांची समाधी इ. स. १२९५ मधली. मिरची मात्र पोर्तुगीजांबरोबर, सोळाव्या शतकात आपल्याकडे आली. मग अभंगात मिरची कुठून? गाणाऱ्यांनी आपल्या मळ्यातले पीक त्यात घातले असावे. मला हा दोष वाटत नाही. ज्याच्या हाती जे आहे, त्यातच त्याने विठ्ठल पाहावा, हा अर्थ गाणाऱ्यांना बरोबर कळला होता.

विजयदुर्गाला आषाढात जाऊन पाहा. जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते; नौका किनाऱ्यावर ओढलेल्या, वर झावळ्यांची शाकारणी. वाघोटण खाडीच्या मुखाशी राहणाऱ्याला भरती-ओहोटी शिकवावी लागत नाही. ओहोटीला कुणी शिव्या घालीत नाही. तोवर जाळी विणली जातात. हा आळस नव्हे. पाण्याचे काम पाण्यावर सोपवून आपले काम करणे आहे. सावतोबांच्या अभंगात जाळे, वल्हे, सुंभ घालून म्हणा. तो जराही परका वाटणार नाही.

तरी एक उणीव सांगितली पाहिजे. सावतोबांचा मळा अरणला होता आणि स्वतःचा होता. दुसऱ्याच्या नौकेवर वाट्यावर जाणाऱ्या खलाशाला हाच अभंग ऐकवून कुणी म्हणाले, 'गप राब, यातच विठ्ठल आहे', तर तो अभंगाचा गैरवापर होईल. निश्चिंतपणा स्वतः घ्यायचा असतो, दुसऱ्यावर लादायचा नसतो. खलाशाचा वाटा चोख द्यावा, मग त्याला अभंग ऐकवावा.

तेव्हा माउली, उद्या कामाला बसताना किती उरले हे आधी मोजू नका. समोर काय आहे त्याचे नाव घ्या : वही, विळी, वल्हे, जे असेल ते. त्या नावापाशी क्षणभर थांबा, मग हात चालू द्या. गळा कुठे गुंतवायचा, ते सावतोबांनी सांगून ठेवलेच आहे.

रामकृष्ण हरी!